जग बिघडत चाललंय म्हणून प्रार्थना करतो, पण नक्की मागायचं काय?

नगरची_लेक:

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस हे मनात घोळतंय. इथे पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत, वेगवेगळ्या चर्चमधले लोक पण आहेत, म्हणून इथेच विचारते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर शुक्रवारी दुपारी बायकांची उपवास प्रार्थना असते. पंधरावीस जणी असतो, दोन गाणी, थोडं बायबलचं वचन, मग प्रार्थनेचे विषय आणि मग गुडघ्यावर. गेली काही वर्षं विषय सगळे एकाच वळणाचे झालेत. शेवटचा काळ आलाय, तरुण पोरं मोबाईलमध्ये बुडालीत, दारू वाढली, लग्नं टिकत नाहीत, पेपर फुटतात, पैसे चारल्याशिवाय नोकरी मिळत नाही, देवा या जगाकडे बघ. आणि हे खोटं आहे असं मी म्हणत नाही, लहान मुलींच्या बातम्या वाचल्या की मला स्वतःला जेवण जात नाही.

पण मध्यंतरी आमच्याच मंडळीतल्या एका घरात मोठा प्रकार झाला. चोवीस पंचवीसचा मुलगा, मोबाईलवर पैसे लावायच्या गेममध्ये अडकला, आईचे दागिने गहाण पडले, वर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून उचल, मग वसुलीवाले सगळ्या नातेवाइकांना फोन करून वाट्टेल ते बोलायला लागले तेव्हा कुठे बाहेर आलं. त्याची आई दर शुक्रवारी आमच्याबरोबर बसते. इतके महिने ती एक शब्द बोलली नाही. मी तिला नंतर भेटायला गेले तर म्हणाली, तिथे कशी सांगू, तिथे तर असल्याच मुलांच्या नावाने सगळ्या देवाकडे तक्रार करत होत्या. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

माझं विचारणं असं की जगातलं पाप दिसतंय, त्याचं दुःख पण होतंय, तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची कशी? नुसती पापांची यादी वाचून आमेन म्हणणं ही प्रार्थना झाली का? आणि दुसरं म्हणजे अशा प्रार्थनेने खरंच काही बदलतं का, हे कोणी मोकळेपणाने सांगेल का?

जुना_पाळक:

ताई, सलाम. मी आता सेवेतून निवृत्त आहे, पण हा प्रश्न माझ्याकडे पन्नास वेळा तरी वेगवेगळ्या तोंडून आलाय आणि प्रत्येक वेळी मी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय उघडायला सांगतो, तुम्हालाही तेच सांगतो.

वाईटपणासाठी सदोमाइतकं नाव झालेलं गाव बायबलात दुसरं नाही. देव त्या गावाचा नाश करायला निघाला तेव्हा त्या गावासाठी कोण उभं राहिलं तर आब्राहाम. आणि तो काय म्हणाला ते नीट वाचा, त्याने सदोमातल्या लोकांची पापं देवाला मोजून दाखवली नाहीत, ती देवाला माहीतच होती. तो घासाघीस करतो. पन्नास धार्मिक असले तर? बरं पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, करत करत दहावर येतो. आणि मागतो काय? चांगल्यांना बाजूला काढ आणि बाकीच्यांना जाळ असं नाही मागत, दहा चांगल्यांसाठी अख्खं गाव सोड म्हणतो. ज्या गावाशी त्याचं स्वतःचं काही चांगलं झालेलं नाही त्या गावाची वकिली करतोय तो माणूस. माझ्या मते बिघडलेल्या जगासाठी प्रार्थना म्हणजे ही वकिली. आपण मात्र सरकारी वकील होऊन उभे राहतो, फिर्याद मांडतो, शिक्षा मागतो आणि घरी येतो.

दुसरी गोष्ट, सदोमाचं पाप काय होतं असं विचारलं की आपल्याकडे सगळे एकच उत्तर देतात, शरीराचं पाप. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात १६ व्या अध्यायात ४९ वं वचन काढून बघा. गर्व, अन्नाची सुबत्ता, निवांतपणा, आणि एवढं असून गरीब आणि गरजवंताला हात दिला नाही. हे पहिलं नाव घेतलंय संदेष्ट्याने, पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतो तो नंतर. आता ही यादी घेऊन तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेत बसा म्हणजे कळेल की 'जग' बाहेर किती आहे आणि आत किती.

आणि तिसरं, दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ९ वा अध्याय. दानीएलाचा एक दोष सापडत नाही, शत्रूंनी शोधून पण सापडला नाही. तरी यरुशलेमेच्या पापांसाठी प्रार्थना करताना गोणपाट नेसून राखेत बसतो आणि आम्ही पाप केलं, आम्ही ऐकलं नाही, आमच्या तोंडाला काळं लागलं असं म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पापाच्या रांगेत स्वतः जाऊन उभा राहिला. असा माणूस प्रार्थना करत असता तर त्या माऊलीला त्याच्या शेजारी बसून रडता आलं असतं.

पण म्हणून दुःख सोडू नका बरं का. त्याच यहेज्केलच्या ९ व्या अध्यायात शहरातल्या अमंगळ गोष्टींबद्दल जे उसासे टाकतात, कण्हतात, त्यांच्या कपाळावर देव खूण करायला सांगतो. देवाला ते उसासे मोलाचे आहेत. फक्त त्याच अध्यायात पुढे असंही आहे की न्यायाला सुरुवात माझ्या पवित्रस्थानापासून करा. तेवढं वाचताना आपण घाईने पान उलटतो.

नेवासेकर:

पाळकसाहेबांचं सगळं मान्य आहे पण मला मुळातच एक गोष्ट खटकते ती बोलतो, राग मानू नका.

हे जे सारखं म्हणतात ना की पूर्वी किती चांगलं होतं आणि आता जग रसातळाला चाललं, ते पूर्वीचं चांगलं नक्की कुणाचं? माझ्या आज्याच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. मेलेली ढोरं ओढायची आणि दारात भाकरी मागायची, ती पण वरून टाकलेली. बायामाणसांना अंगभर लुगडं मिळायची मारामार. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. विधवा झाली की डोकं भादरायचे आणि आठ दहा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून द्यायचे, आणि तेव्हा सगळी लोकं देवधर्म करणारी होती, सकाळ संध्याकाळ पूजा अर्चा चालायची. नगर जिल्ह्यातले आपण निम्मे लोक ज्या घरांतून आलो त्या घरांना विचारा की ते सोन्याचे दिवस कधी होते.

बायबलातल्या उपदेशक ७:१० मध्ये स्पष्टच लिहिलंय की आधीचे दिवस यापेक्षा चांगले का होते असं विचारू नको, हे शहाणपणाचं विचारणं नाही. तर आधी ही जुन्या दिवसांची आठवण काढून रडणं बंद केलं पाहिजे असं मला वाटतं. पाप तेव्हा पण होतं, आता पण आहे, फक्त तेव्हा ते रीत म्हणून चालायचं आणि आता मोबाईलवर दिसतं.

आणि दिसतंय तर आपल्या घरात बघू. आपल्यात अजून लग्न जमवताना मूळची जात कोणती हे हळूच विचारतात की नाही? हुंडा घेत नाही म्हणायचं आणि गाडी, फ्लॅटचं डाऊन पेमेंट घ्यायचं, हे आहे की नाही? चर्चच्या जमिनीवरून कोर्टात केसेस, कमिटीच्या निवडणुकीत मारामाऱ्या. उपवास प्रार्थनेत या विषयांवर कोणी गुडघे टेकलेले मी तरी बघितले नाहीत. ताई तुमच्याबद्दल नाही म्हणत, तुम्ही निदान विचारताय.

प्रश्नचिन्ह:

मी या सगळ्या चर्चेत थोडा बाहेरचा आहे, ख्रिस्ती घरात वाढलो पण आता चर्चला फारसा जात नाही. नेवासेकर यांचं पटलं. पण मग माझा प्रश्न असा की शेवटी सगळे म्हणता प्रार्थना स्वतःपासून सुरू करा, स्वतः बदला, मग हे तर देवाशिवाय पण करता येतं की. आत्मपरीक्षण म्हणा त्याला. देव काही करतो असं तुम्ही खरंच मानता का? की प्रार्थना म्हणजे आपणच आपल्याला सांगितलेली गोष्ट? माझी आजी आयुष्यभर आमच्या काकांची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करत होती, काका दारूनेच गेले. आजीच्या विश्वासाबद्दल मला आदर आहे, टिंगल करायची म्हणून विचारत नाही, मला खरंच उत्तर पाहिजे.

वसईवाली:

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे भस्म बुधवारी कपाळाला राख लावतात तेव्हा फादर प्रत्येकाला तेच म्हणतात, सरपंचाला पण आणि लहान पोराला पण, की तू माती आहेस आणि मातीला मिळशील. नंतरचे चाळीस दिवस उपवास, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाच्या चौदा टप्प्यांची प्रार्थना), कन्फेशन (फादरसमोर पापाची कबुली). कन्फेशनला गेल्यावर दुसऱ्याचं पाप सांगून चालत नाही, फादर थांबवतात, म्हणतात तुझं सांग. मला ही शिस्त फार आवडते, म्हणून जुना_पाळक काकांचं वाचून एकदम आपलं वाटलं.

पण मला दुसरं सांगायचं आहे. प्रार्थना स्वतःपासून सुरू होते हे खरं, पण ती स्वतःवर संपली तर काय उपयोग? आमच्या वसईत १९८० च्या दशकाच्या शेवटी काय परिस्थिती होती ते आमच्या आईवडिलांना विचारा. गुंडांची दहशत, जमिनी हडप, हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा करायचा घाट, वाड्यांच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून चाललेलं. घाबरून लोक दार लावून घरात रोझरी (जपमाळ) म्हणत बसले असते तर कोणी दोष दिला नसता. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतर मंडळींनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली आणि माणसं रस्त्यावर आली, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळी. ते फादर होते, मिस्सा (चर्चमधली उपासना) करणारे, प्रार्थनेवर बोलणारे, लिहिणारे, आणि तेच मोर्चात पुढे. पुढे २०२० ला धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. सगळं वाचलं असं नाही, वसई विरारला आज आलात तर इमारतींचं जंगल दिसेल. पण ज्या काही केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या उरल्यात त्यांच्यामागे त्या माणसांचं धैर्य आहे आणि ते धैर्य वेदीसमोर गुडघ्यावर मिळालेलं होतं, हे आमच्या घरात सगळे मानतात.

म्हणून ताईंना माझं म्हणणं, विषय घेताना त्याच्यापुढे एक काम पण लिहा. गेमचा विषय घेतला तर त्या घरी कोण जाणार, कर्जवाल्यांच्या धमक्यांची पोलिसांत तक्रार करायला कोण बरोबर जाणार. २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा झालाय, पण कायदा झाला म्हणून पोरगा लगेच सुटत नाही ना.

परदेशी_पाखरू:

मूळचा पुण्याचा, आता कामानिमित्त जर्मनीत लाईपझिगला आहे. प्रश्नचिन्ह यांचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

इथे गावाच्या मधोमध निकोलाय चर्च आहे. १९८२ पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होते. तेव्हा हे पूर्व जर्मनीत होतं, कम्युनिस्ट सरकार, गुप्त पोलीस, कोण कुणाची चहाडी करेल सांगता येत नव्हतं. नैतिक ऱ्हास म्हणतो ना आपण, तर शेजारी शेजाऱ्याची फाईल भरतोय यापेक्षा मोठा ऱ्हास कुठला. सुरुवातीच्या वर्षांत काही सोमवारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं यायची. तरी प्रार्थना बंद केली नाही. तिथले पाळक क्रिस्टियान फ्यूरर यांनी चर्चचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं, देव न मानणाऱ्यांना पण.

१९८९ च्या ९ ऑक्टोबरला गोळीबार होणार अशी गावभर बोलवा होती, हॉस्पिटलांत जास्तीचं रक्त आणून ठेवल्याचं लोक सांगतात. चर्चमधल्या जागा अडवायला पक्षाने आपले शेकडो लोक आधीच आत आणून बसवले. त्यांनी बसून काय ऐकलं तर येशूचं डोंगरावरचं प्रवचन, जे नम्र ते धन्य, जे शांती करणारे ते धन्य. प्रार्थना झाल्यावर लोक बाहेर आले, हातात मेणबत्त्या, आणि त्या दिवशी साधारण सत्तर हजार लोक रस्त्यावर चालले. एक गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

आता कोणी म्हणेल यात राजकारण होतं, सोव्हिएत रशियात बदल चालू होता, अर्थव्यवस्था कोसळली होती. सगळं खरं आहे. पण त्या संध्याकाळी दगड कोणी उचलला नाही याचं कारण मला तरी दुसरं सापडत नाही. सात वर्षं दर सोमवारी त्या माणसांना शत्रूसाठी प्रार्थना करायची सवय लागली होती. यात देवाने केलं किती आणि माणसांनी केलं किती याची वाटणी मला करता येत नाही. मी अधूनमधून सोमवारी जातो, प्रार्थना अजून चालू आहे, आता युक्रेनसाठी, स्थलांतरितांसाठी. पर्यटक जास्त आणि प्रार्थना करणारे कमी असतात पण घंटा पाचला वाजते.

नाईट_ड्युटी:

मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला. थोडक्यात लिहिते कारण ड्युटीवर जायचंय.

जगाचं पाप जे म्हणता ते आमच्याकडे रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर येतं. विष घेतलेली सून, दारूने लिव्हर गेलेला बाप, पोरांनी आणून टाकलेली आणि परत न भेटलेली म्हातारी. तिथे गुडघ्यावर बसायला वेळ नसतो. बायबलातल्या नहेम्याने, तो राजाचा सेवक होता, राजासमोर उभं असताना, प्रश्न आणि उत्तर याच्यामध्ये जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली, त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आमची प्रार्थना तेवढीच असते. सलाईन लावताना, तोंड पुसताना, "प्रभू हिला धर" एवढंच.

आणि एक नक्की सांगते. ज्या पेशंटसाठी प्रार्थना केली त्याच्यावर ओरडता येत नाही. तो किती का शिव्या देईना. ज्या दिवशी प्रार्थना न करता वॉर्डात शिरते त्या दिवशी ती म्हातारी म्हणजे नुसता बेड नंबर होते. प्रश्नचिन्ह दादा, तुमच्या आजीने काकांसाठी इतकी वर्षं प्रार्थना केली म्हणजे इतकी वर्षं त्या घरात एक माणूस होतं ज्याने त्यांना टाकून दिलं नाही. मी दारूचे किती पेशंट बघते ज्यांच्याजवळ शेवटी असं एकही माणूस नसतं. याने तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर होत नाही हे कळतंय मला. तरी सांगितलं.

जुना_पाळक:

प्रश्नचिन्ह, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. सिस्टरांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय, मी थोडी भर घालतो.

हो, देव ऐकतो आणि करतो असं मी मानतो. नुसतं आत्मपरीक्षण असतं तर मी चाळीस वर्षं लोकांच्या घरी मध्यरात्री गेलो नसतो. येशूने लूकच्या १८ व्या अध्यायात त्या विधवेची गोष्ट सांगितली, ना देवाला भिणारा ना माणसाची पर्वा करणारा न्यायाधीश, आणि ती बाई रोज जाऊन न्याय मागते. येशू म्हणतो असा न्यायाधीश पण शेवटी ऐकतो तर देव आपल्या लोकांचं ऐकणार नाही का. ही गोष्ट ज्यांचं अजून ऐकलं गेलेलं नाही अशांसाठीच सांगितलेली आहे, पहिल्याच वचनात आहे की खचून न जाता प्रार्थना करावी म्हणून. आणि लगेच पुढची गोष्ट कोणती तर परूशी (धर्मनियम कडक पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोक ज्याला पापी मानायचे). मी या दुसऱ्या लोकांसारखा नाही म्हणून देवा तुझे आभार, अशी प्रार्थना करणारा रिकामा घरी गेला. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, मागत राहा आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून मागू नका.

तुमच्या आजीची प्रार्थना वाया गेली असं मी म्हणणार नाही, आणि काकांच्या मरणामागे देवाची काही योजना होती असंही म्हणणार नाही. मंडळीत लोक असं पटकन बोलून जातात आणि दुःखी माणसाला आणखी दुखवतात. हबक्कूक संदेष्टा सुरुवातच अशी करतो की परमेश्वरा मी किती काळ ओरडू, तू ऐकत नाहीस. आणि शेवट करतो अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराला धरून राहीन असा. मधल्या तीन अध्यायांत त्याची परिस्थिती सुधारलेली नाही, उलट बाबेलची फौज येणार हे कळलंय. पण त्याला उत्तर देणारा भेटला. हे मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, माझ्या आयुष्यात मला तो भेटला एवढंच सांगू शकतो.

आता ताईंसाठी एक आपल्याच मातीतली गोष्ट. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या, वाईट माणसांच्या हाती लागायच्या बेतात असलेल्या मुलींना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये आल्या. शेती केली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला. म्हणजे काम तर जोरात चाललेलं होतं. तरी १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी एक प्रार्थनेचा गट सुरू केला, सत्तर एक जणी रोज सकाळी जमायच्या. विषय काय होता? भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आणि त्यात आम्ही स्वतः पण आलो, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढा त्याग केलेली बाई स्वतःचं नाव त्या विषयात घालते. त्याच वर्षी जूनमध्ये मुक्तीत जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आलं, मुली रात्र रात्र रडून आपली पापं कबूल करत होत्या, एकमेकींची क्षमा मागत होत्या, चोरलेल्या वस्तू परत देत होत्या, ते सगळ्या जगातल्या मंडळ्यांना माहीत झालं. मुक्ती मिशन अजून केडगावला आहे. बायकांचाच गट होता तो, तुमच्या शुक्रवारसारखा.

नगरची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाचं दोन दोनदा वाचलं. नेवासेकर दादा, तुमचं वाचून आधी जड गेलं पण माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या खरं बोलतोय तो, माझी आई सांगायची पाण्याचं.

मी आमच्या पाळकीणबाईंशी बोलले. येत्या शुक्रवारी दानीएल ९ घ्यायचं ठरलंय. विषयांची यादी मोठ्याने वाचायची नाही, त्याऐवजी प्रत्येकीने एका माणसाचं नाव मनात घ्यायचं, ज्याच्यावर आपला राग आहे किंवा ज्याला आपण हातचा गेला म्हणतो, आणि आठवड्यात त्याच्यासाठी एक काम करायचं. त्या मुलाच्या आईला मी विचारलं की तुझ्याकडे घरी येऊन प्रार्थना केली तर चालेल का, ती म्हणाली दोघी तिघी या, जास्त नको, मुलगा लाजतो.

दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आमच्यातल्या दोन तीन ज्येष्ठ बायांना हे आवडलेलं नाही, त्या म्हणतात शेवटच्या काळाबद्दल वचनात स्पष्ट लिहिलंय, मत्तयाच्या शुभवर्तमानात २४ वा अध्याय आहे, पौलाच्या २ तीमथ्य या पत्रात ३ रा आहे, ते तुम्ही टाळताय. त्यांचा विश्वास खरा आहे, मला त्यांना दुखवायचं नाही. आणि दुसरं, त्या मुलाशी बोलायला कोणी पुरुष माणूस पाहिजे. आमच्यापुढे तो मान खाली घालून बसतो.

जुना_पाळक:

त्या ज्येष्ठ बायांना दुखवू नका, त्यांनी उपाशी राहून या मंडळीसाठी किती रडलंय ते तुम्हाआम्हाला माहीत नाही. त्यांनाच मत्तय २४ वाचायला सांगा, १२ वं वचन. अधर्म वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंड होईल असं आहे. मग त्यांना विचारा की शेवटच्या काळात आपली प्रीती थंड होऊ नये म्हणून आपण काय करू या. सुरुवात त्यांच्याच प्रार्थनेने करा. आणि तीमथ्य म्हणत असतील तर पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पण जोडीला घ्या, सर्व माणसांसाठी, राजांसाठी, अधिकाऱ्यांसाठी विनंत्या आणि उपकारस्तुती करा असं पौल लिहितो, आणि तेव्हा रोमच्या गादीवर कोण होता ते त्यांना सांगा, नीरो, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा.

प्रश्नचिन्ह:

काका, सिस्टर, उत्तराबद्दल आभार. पटलं असं लगेच म्हणत नाही, पण हबक्कूक काढून वाचला. पहिला अध्याय माझ्या आजीने लिहिल्यासारखा आहे.

ताई, त्या मुलाच्या कर्जाचं कागदपत्र बघायला कोणी पाहिजे असेल तर मी बँकेत आहे, मेसेज करा. कुठल्या अ‍ॅपचं किती, व्याज किती, खरं देणं किती आणि नुसती धमकी किती हे वेगळं काढता येतं. आधी त्याला सांगा की एक कर्ज फेडायला दुसरं घेऊ नको.

नेवासेकर:

ताई, मी शनिवारी श्रीरामपूरला येतोच आहे कामाला. माझा धाकटा भाऊ याच्यातूनच गेलेला आहे, त्याला पण बरोबर आणतो, तो बोलेल पोराशी, माझ्यापेक्षा त्याचं ऐकेल. चार वाजता चालेल का ते त्याच्या आईला विचारून सांगा, आणि पोराला आधी कळवा, अचानक नको.